माणुसकी होती ते साल

बाबा माझ्याकडे हडपसरला राहायला आले तेव्हा मला एकच धास्ती होती, त्यांना इथे करमणार नाही. आई जाऊन वर्ष झालं होतं. भंडाऱ्याकडचं घर, अंगण, येता-जाता 'साहेब' म्हणून थांबणारी माणसं सोडून ते आमच्या अकराव्या मजल्यावर यायला तयार झाले, यानंच मला अपराधी वाटत होतं. मी ऑफिसातून दिवसातून चारदा फोन करायचे. "बाबा, कंटाळला नाहीत ना?"

"कंटाळतो काहून? कोथिंबीर मागवली."

बाबांना करमलं. जरा जास्तच करमलं. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. मोबाइलवर कोथिंबीर सांगितली की दहा मिनिटांत दारात येते, याचं त्यांना अप्रूप संपेना. "दहा मिनिटांत आमच्या ऑफिसात बाबू खुर्चीतून उठत नव्हता," असं ते ज्याला त्याला सांगत. पहिल्या महिन्यात आम्ही इतकी कोथिंबीर खाल्ली की शेवटी नवऱ्यानं हात जोडले.

संध्याकाळी मी ट्रॅफिकला शिव्या देत घरात शिरायचे. बाबा गॅलरीत उभे राहून तोच ट्रॅफिक कौतुकानं बघत असायचे. "पाह्य ना, केवढ्या लोकांजवळ गाड्या आल्या!" मी म्हणायचे, "बाबा, मी दोन तास त्यात होते." ते म्हणायचे, "एसीत होतीस ना?"

तरी माणसाला माणूस हवं, म्हणून मीच एके दिवशी त्यांना खाली बाकावर नेऊन बसवलं. तिथून सगळं सुरू झालं.

आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ एक सिमेंटचा बाक आहे. त्यावर रोज पाचच्या सुमारास दोन म्हातारे बसायचे. एक शनिवार पेठेतले. तिथलं राहतं घर बिल्डरकडे गेल्यावर ते मुलाकडे इथे आले होते. विमा कचेरीत नोकरी झालेली, शर्ट कायम इस्त्रीचा. आल्याला चार वर्षं झाली होती, पण अजून ते "पूर्वी मी पुण्यात होतो, हल्ली हडपसरला असतो," असं हद्दपार झाल्यासारखं सांगायचे. दुसरे इथले मूळचे. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांचा मळा होता. जमिनीच्या बदल्यात त्यांना याच इमारतीत फ्लॅट मिळाले होते. सगळे त्यांना आण्णा म्हणत. हडपसर म्हणजे पुणे नव्हे, यावर दोघांचं एकमत होतं. फक्त एकाला त्याचं दुःख होतं आणि दुसऱ्याला अभिमान.

त्यांचा रोजचा विषय एकच होता, काळ बिघडला. पेठेतले काका मुद्दा मांडत आणि आण्णा दुजोरा देत. भाज्यांना चव राहिली नाही. न्हाई ऱ्हायली. मुलांना पाठांतर राहिलं नाही. न्हाई ऱ्हायलं. शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. कोण वळखतंय! असं तासभर चाले, मग दोघं समाधानानं आपापल्या लिफ्टकडे जात.

त्या दिवशी मी ओळख करून दिली, नमस्कार झाले. काकांनी बाबांना बाकाचा कोपरा दिला आणि पाहुण्याच्या सोयीसाठी विषय पहिल्यापासून मांडला. "काय आहे, साहेब, सोयी वाढल्या. पण माणुसकी राहिली नाही."

बाबांनी अगदी सरळपणे विचारलं, "केव्हा होती?"

"काय?"

"माणुसकी. केव्हा होती जी? साल सांगा."

काका थोडे गोंधळले. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नसावं. "साल असं कसं सांगता येईल? पूर्वी."

"पूर्वी म्हणजे केव्हा? तुम्ही नोकरीत होते तेव्हा?"

"छे! तेव्हा तर ऱ्हास सुरू झाला होता. आमच्या कचेरीतच काय काय चालायचं."

"मग कॉलेजात होते तेव्हा?"

"तेव्हा रॉकेलच्या रांगा होत्या." हे काकांच्या तोंडून निघून गेलं आणि लगेच त्यांना पश्चात्ताप झाला. मग त्यांनी नीट विचार करून सांगितलं, "मी चौथीत होतो तेव्हा. ते वर्ष उत्तम होतं."

आण्णा इतका वेळ मान डोलवत होते. ते म्हणाले, "म्हंजी आय वाढीत हुती आन आपून खात हुतो तवा. तसं तर माझंबी त्येच साल चांगलं व्हतं."

बाबा हसले. त्यांचं हसणं मोठं आहे, तालुक्याच्या कचेरीतलं. वॉचमननं वळून पाहिलं. काकांचा चेहरा ओढला गेला.

पुढचे आठ-दहा दिवस असेच गेले. काका काही म्हणाले की बाबा साल विचारायचे. काका म्हणाले, पूर्वी लोक एकमेकांच्या घरी न सांगता जात. बाबा म्हणाले, आणि ज्याच्या घरी जात त्याला विचारलं का कधी? काका म्हणाले, पूर्वीचं तूप. बाबा म्हणाले, आमच्याकडे तूप सणाला दिसे, त्यामुळे चव बिघडली की नाही हे मला समजायला मार्ग नाही. घरी येऊन बाबा मला सगळं खुशीत सांगायचे. त्यांना वाटत होतं, मैत्री जमते आहे.

मग एका रविवारी सकाळी काका दारात उभे. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"एक विनंती आहे. आपले वडील चर्चेत अडथळा आणतात."

"म्हणजे वाद घालतात का?"

"वाद घालतात हीच तर तक्रार आहे. आम्ही तिथे चर्चा करायला बसतो, वाद घालायला नाही. काळ बिघडला आहे एवढ्यावर तरी एकमत असल्याशिवाय चर्चा होणार कशी?"

मी म्हटलं, "मी सांगते त्यांना."

"सांगू नका. दुखावतील. फक्त पाठवू नका," असं म्हणून ते गेले.

बाबा आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवसापासून संध्याकाळी बाकाकडे न जाता ते इमारतीभोवती एकटेच फेऱ्या मारू लागले. बाकासमोरून जाताना मान सरळ. मी वरून बघायचे आणि मला शाळेत डबा एकटी खाणारी मुलगी आठवायची. मी म्हटलं, "बाबा, थोडं त्यांच्या कलानं घ्या ना. म्हणा एखाद्या वेळी, हो, पूर्वी बरं होतं."

"खोटं बोलू?"

"गप्पांमध्ये चालतं."

"मले नाही चालत," बाबा म्हणाले आणि पेपर उघडला.

आठवडाभरातच एका संध्याकाळी आण्णा वर आले. चपला बाहेर काढून थेट सोफ्यावर बसले, पाणी मागितलं, आणि म्हणाले, "ताई, रावसाहेबास्नी खाली धाडा."

"काका नको म्हणाले."

"त्येंचं सोडा. तुमचे रावसाहेब न्हाईत तर तिथं काय ऱ्हायलंय? त्यो माणूस म्हणतोय काळ बिघडला, म्या म्हंतो हाय, बिघडलाय. धा मिन्टांत सगळं संपतंय. मग दोघं फाटकाकडं बगत बसतोय. हाय हाय करून माझा जबडा दुखाय लागला." मग बाबांकडे वळून, "आवो, पैलवान एकटा मातीत उतरून काय करणार? दंड थोपटून घरी जाणार व्हय?"

बाबा आतून खूश झाले होते, मला दिसत होतं. पण ते म्हणाले, "त्यांनी बोलवलं तर येतो."

"त्यो पेठंचा माणूस. त्यो बोलवायचा न्हाई."

आणि काकांनी खरंच बोलावलं नाही. दोन्ही पक्ष आपापल्या जागी ताठ. कदाचित उन्हाळाभर तसंच राहिलं असतं, पण मेच्या मध्यात रस्त्याच्या खोदाईत आमची पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली आणि त्याच दिवशी बोअरची मोटर जळाली. टँकर यायचे, पण एवढ्या इमारतीला पुरायचे नाहीत. कमिटीनं ठरवलं की वरच्या टाक्यांत पाणी चढवायचंच नाही. तळमजल्याच्या पार्किंगमधल्या एका नळावर सकाळी ज्यानं त्यानं येऊन भरून न्यायचं.

पहिल्या सकाळी मी आणि बाबा बादल्या घेऊन खाली गेलो तर नळाशेजारी खुर्ची टाकून पेठेतले काका बसले होते. कोणी त्यांना नेमलं नव्हतं. अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा असा की जणू सनई वाजायची तेवढी बाकी आहे. चार वर्षांत मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं.

रांग मात्र बघण्यासारखी होती. निम्म्या तरुण बिऱ्हाडांकडे बादलीच नाही, हे तेव्हा कळलं. एक जोडपं प्रेशर कुकर आणि कुंडी घेऊन आलं होतं. एका मुलीच्या हातात कॉफीचे सहा मग. आण्णा जुन्या काळचं दुधाचं कॅन घेऊन आले होते आणि सगळे हेव्यानं त्याच्याकडे बघत होते.

काकांचे नियम कडक होते. "रांग सोडायची नाही. एका घराला दोनच भांडी. काठोकाठ भरायचं नाही, चार बोटं मोकळी ठेवा, जिन्यात सांडतं. आणि नळाला कोणीही हात लावायचा नाही. नळ मी सोडीन, मी बंद करीन. हात लागले की चावी बिघडते." कुकरवाल्याला ते म्हणाले, "अहो, कुंडीला खाली भोक असतं." त्यानं कुंडी उलटी करून बघितली आणि म्हणाला, "ओह शिट, हो की!"

रांग पुढे सरकत होती. लोक एकमेकांची नावं विचारत होते. समोरासमोरच्या दारात राहणारे दोघे तिथे पहिल्यांदा भेटले. काकांना भरून आलं. खुर्चीतून उठून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "बघा! हे आमचं बालपण. एक नळ, वीस बिऱ्हाडं, सगळे एका रांगेत. कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. पाण्याला कोणी कोणाची जात विचारत नव्हतं!"

तेवढ्यात आमचा नंबर आला होता. बाबांनी बादली नळाखाली ठेवली आणि म्हणाले, "आमच्या गावात विचारत जी."

आवाज चढलेला नव्हता. कोथिंबिरीबद्दल बोलावं तसे बोलले. "विहिरीवर आमच्या लोकांना हात लावायची मुभा नव्हती. माझी माय रिकामी घागर घेऊन लांब उभी राहायची. कोणाला दया आली तर ती बाई वरून पाणी ओतायची. नाही आली तर माय दुपारपर्यंत उभी. मी तिच्या लुगड्याला धरून उभा. तुमच्या रांगेत नंबर तरी येत होता. आमच्या रांगेला नंबरच नव्हता."

हे मला नवीन होतं. म्हणजे असं होतं हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा बाबा कडेवर होते, हे आमच्या घरात शंभरदा सांगितलं गेलं होतं. पण लुगड्याला धरून उभं राहिल्याचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मला माझी आजी आठवली. घरात नळ आल्यावरही ती रोज सकाळी वाट्या-फुलपात्र्यांपर्यंत सगळं भरून ठेवायची, आणि आम्ही मुलं तिला हसायचो.

मागून तो कुकरवाला मुलगा म्हणाला, "अंकल, म्हणजे, सीरियसली? हातपण नाही लावायचा?"

"सीरियसली," बाबा म्हणाले.

काकांचा हात सवयीनं नळाकडे गेला होता. सकाळपासून ते प्रत्येकाला असंच पाणी सोडून देत होते. तो हात वाटेतच थांबला. त्यांनी एकदा नळाकडे पाहिलं, एकदा बाबांच्या बादलीकडे, आणि मग हात मागे घेऊन ते खुर्चीसकट दोन पावलं बाजूला सरकले.

"घ्या," ते म्हणाले. "आपण घ्या आपल्या हातानं."

बाबांनी नळ सोडला. बादली भरली, चार बोटं मोकळी ठेवली, नळ बंद केला. त्यांच्यानंतर सगळ्यांनीच आपापल्या हातानं पाणी भरलं आणि काका खुर्चीतून बघत राहिले. दहाच्या सुमारास चावी खरंच बिघडली, पण त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. हे त्यांना किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराची बेल वाजली. काका. या वेळी आत आले, पण बसले नाहीत. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

"पाण्याला जात कोणी विचारत नव्हतं, हे माझं कालचं विधान मी मागे घेतो," ते बाबांना म्हणाले. "रात्री आठवून बघितलं. आमच्याकडे विचारत नव्हते, कारण विचारायची वेळच येत नव्हती. वीसही बिऱ्हाडं एकाच जातीची होती. हे मला सत्तर वर्षांत सुचलं नाही."

बाबा खुर्ची पुढे ओढू लागले. तेवढ्यात काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "तेव्हा चौथीचं ते साल रद्द समजावं. पण माणुसकीचा मुद्दा मी सोडलेला नाही. तो दुसऱ्या पुराव्यानिशी मांडीन."

"मांडा ना जी," बाबा म्हणाले. "पहिले बसा. चहा घ्या."

"चहाला पाणी लागेल. टंचाई आहे."

"काल माझ्या हातानं भरलं ना, पुष्कळ आहे," बाबा म्हणाले, आणि दोघंही इतके हसले की मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. तालुक्याच्या कचेरीतल्या हसण्यापुढे विमा कचेरीतलं हसणं बारीक होतं, पण टिकून होतं.

पाणी तीन-चार दिवसांनी आलं. बाबा पुन्हा बाकावर जाऊ लागले, आता मधल्या जागेवर. वाद अजून वाढला. काका रोज नवं साल घेऊन यायचे आणि बाबा ते तपासायचे, पूर्वी लोकांचे दाखले तपासायचे तसे. आण्णांनी पंच म्हणून राहायचं कबूल केलं होतं, पण ते दोन्हीकडे मान डोलवतात ही तक्रार कायम होती. एकदा आण्णांनीच बाबांना अडवलं. "रावसाहेब, खरं सांगा. तुमच्याकडं त्या वक्ताला काय म्हंजी कायच चांगलं नव्हतं?" बाबांनी उत्तराला दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "आमच्या धानाच्या शेतातल्या पाण्यातले मासे. तसे मासे आता मिळत नाहीत." काकांनी टाळ्या वाजवल्या आणि नंतर लक्षात आलं की आपण मासे खात नाही, त्यामुळे हा पुरावा आपल्याला वापरता येणार नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. या दिवसांत मी एकदा फोनवर मैत्रिणीला म्हणाले, आजकालच्या नव्या पोरांना कामाची काही तळमळच नाही, आम्ही लागलो तेव्हा कसं होतं! फोन ठेवला तर बाबा दारात. "साल सांग," म्हणाले.

पावसाळ्यानंतर काकांनी बाबांना "पुणं दाखवायला" न्यायचं ठरवलं. पुराव्यासाठीच. सकाळी दोघं बसनं शनिवार पेठेत गेले. काकांच्या घराच्या जागी सात मजली इमारत उभी होती. बाबांनी आत जाऊन लिफ्ट चांगली आहे असा शेरा दिला. काकांची शाळा, काकांचं वाचनालय, काकांनी जिथे पडून गुडघा फोडला तो कोपरा, सगळं बघून झालं. संध्याकाळी दोघं परत आले ते फाटकातूनच भांडत. आण्णा दिवसभर एकटेच बसून कंटाळले होते. त्यांनी घाईनं मधली जागा मोकळी केली. मी नुकतीच ऑफिसातून येत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही झालं," बाबा म्हणाले. "बस खच्चून भरलेली होती. एक पोरगी उठली आणि यांना जागा दिली. शिकलेली, कानात ते वायर. कोण कुठची. मी म्हटलं, घ्या, ही माणुसकी. आजचं साल लिहा."

"ती माणुसकी नव्हे," काका कडाडले. "तिला मी म्हातारा वाटलो! पूर्वी मला बसमध्ये कोणी कधी जागा दिली नाही."

"मग बसले काहून?"

"पाय दुखत होते म्हणून."

आण्णांनी दोघांकडे आळीपाळीनं बघून मान डोलवली आणि मला म्हणाले, "ताई, बसा की जरा. आता हे लवकर संपायचं न्हाई."

मी लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला टेकले.